घशाचा स्वॅब कोणी विचारतच नाही: बडोद्यात एसटीडी टेस्ट करून घेतली त्याचा रिव्ह्यू

बडोद्यात एसटीडीची, म्हणजे सेक्समधून लागणाऱ्या आजारांची, टेस्ट करायची असेल आणि विषय ओरलचा, म्हणजे तोंडाने केलेल्या सेक्सचा असेल तर कुठेही जा, पण एक गोष्ट आधी बघा, समोरचा माणूस सुई टोचायच्या आधी तुम्हाला विचारतो का की नक्की काय झालं होतं, शरीराच्या कुठल्या भागाशी संबंध आला आणि त्याला किती दिवस झाले. जिथे हे विचारत नाहीत तिथल्या रिपोर्टवर माझा तरी भरवसा नाही, मग पॅकेजचं नाव कितीही भारी असो. मी तीन ठिकाणी जाऊन आले, एक मोठी प्रायव्हेट लॅब, एक सरकारी केंद्र आणि एक स्किन-व्हीडीच्या (चामडी आणि गुप्तरोगांच्या) डॉक्टर मॅडम, आणि तिन्हीकडचा अनुभव इतका वेगळा होता की लिहायलाच पाहिजे असं वाटलं. नावं कोणाचीच देत नाहीये, कारण लॅबबद्दल जे सांगणार आहे ते एकट्या त्या लॅबचं नाही, मी नंतर बाकीच्यांची पॅकेजं पण उघडून बघितली आणि जवळपास तीच यादी सगळीकडे होती.

माझं कारण सरळ होतं. ज्याच्याबरोबर माझं काही महिने चालू होतं त्याचा फोन आला की लघवीच्या जागेतून पू यायला लागला होता, डॉक्टरांनी गोनोरिया सांगितला, औषध झालं, आता तू पण दाखवून घे. असा फोन करायला हिंमत लागते आणि त्याने तो केला ह्याचा मला आदर आहे, नाहीतर मला कळायला काही मार्गच नव्हता, कारण मला काही म्हणजे काही त्रास होत नव्हता. आमच्यात फक्त ओरल झालेलं, आणि जिला पहिल्यांदा सांगितलं ती मैत्रीण लगेच म्हणाली की मग तुला काय होणार, ओरलने काही होत नसतं.

हे खूप जणांना वाटतं, शिकलेल्यांना पण. ओरलने एचआयव्ही लागायचा धोका अगदी कमी आहे, जवळजवळ नाहीच म्हणा, हे खरंय, पण तेवढ्यावरून लोक बाकी सगळ्या इन्फेक्शन्सना पण सोडून देतात. गोनोरिया घशात राहतो. सिफिलिस, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं गरमी म्हणतात, तो तोंडातल्या किंवा खालच्या फोडातून लागतो, आणि तो फोड दुखत नाही म्हणून लक्षात पण येत नाही. हर्पिस, हा फोडांचा आजार, तोंडाकडून खाली जातो आणि खालून तोंडाकडे पण. क्लॅमिडिया घशात कमी सापडतो पण सापडतो. एचपीव्ही आहे, ज्याने पुढे कॅन्सर होऊ शकतो. आणि घशातल्या गोनोरियाचं सगळ्यात वाईट हे की बहुतेकांना काहीच लक्षण नसतं, कोणाचा घसा जरा खवखवतो, मग माणूस हळदीचं दूध पिऊन झोपतो आणि दोन दिवसांनी विसरून जातो, जंतू मात्र तिथेच आणि पुढच्या माणसाला लागू शकतो.

तर आधी लॅब. अल्कापुरीकडे शाखा आहे, अ‍ॅपवर बुकिंग, घरी येऊन सॅम्पल नेतात, पैसे तीन हजारांच्या वर. पॅकेजच्या नावात कम्प्लीट शब्द होता. यादीत काय होतं ते सांगते, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ताची टेस्ट), हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, हर्पिस १ आणि २ चे आयजीजी आणि आयजीएम (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) दोन्ही, आणि लघवीवर गोनोरिया-क्लॅमिडियाची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट). वाचायला भरगच्च वाटतं. पण माझा प्रश्न घशाचा होता आणि घसा त्यात कुठेच नव्हता. लघवीतून लघवीच्या मार्गाचं कळतं, घशातलं कसं कळणार? जिथे इन्फेक्शन व्हायची शक्यता आहे तिथूनच नमुना घ्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट, आणि त्या संपूर्ण बुकिंगमध्ये अ‍ॅपने माझं वय, पत्ता, उपाशीपोटी आहात का, हे सगळं विचारलं पण हे एक विचारलं नाही.

म्हणून मी त्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. मुलगी बिचारी नीट बोलत होती, पण तिच्या समोरच्या स्क्रीनवर जे होतं तेच ती वाचणार ना. म्हणाली मॅडम, थ्रोट कल्चर आहे ना आपल्याकडे, ते अ‍ॅड करून देऊ का? इथे नीट लक्ष द्या कारण ह्यात कोणीही फसेल. लॅबमध्ये जे नेहमीचं थ्रोट कल्चर असतं ते घसा सुजला, ताप आला, टॉन्सिल झाले की करतात, त्यात वेगळे जंतू शोधतात. गोनोरियाचा जंतू नाजूक आहे, त्याला वाढायला खास माध्यम लागतं, नेहमीच्या कल्चरच्या डिशमध्ये तो बहुधा दिसणारच नाही, रिपोर्टवर मात्र नॉर्मल फ्लोरा (म्हणजे नेहमीचेच निरुपद्रवी जंतू) असं छान छापून येईल आणि माणूस निश्चिंत होईल. घशासाठी पाहिजे ती म्हणजे घशाच्या स्वॅबवर (कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर) केलेली गोनोरिया-क्लॅमिडियाची नॅट किंवा पीसीआर टेस्ट. ही काही अगदी नवी गोष्ट नाहीये, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना आणि टेस्टना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) २०१९ मध्येच घशाच्या आणि गुदद्वाराच्या नमुन्यांवर अशा टेस्टला मंजुरी दिली. मी त्या मुलीला हे सांगितलं, तिने होल्डवर ठेवलं, परत आली आणि म्हणाली की पॅकेजमध्ये बदल होत नाही.

तरी मी पॅकेज घेतलं, कारण रक्ताच्या टेस्ट करायच्याच होत्या. सॅम्पल न्यायला जो भाई आला तो हात धुऊन, नवीन सुई समोर फोडून, एका टोचण्यात काम करून गेला, त्याच्या कामाला पूर्ण मार्क. पण त्याच्या टी-शर्टवर आणि बॅगेवर लॅबचं एवढं मोठं नाव, आम्ही मांजलपूरला सोसायटीत राहतो, खालच्या काकूंनी गेटवरच विचारलं कोणाला बरं नाही म्हणून, आणि आईला मी व्हिटॅमिन डीचं सांगितलं. ज्यांच्या घरी चार माणसं आहेत त्यांनी ह्या टेस्टसाठी होम कलेक्शन घेऊच नये, सरळ सेंटरवर जावं.

लघवीचं सॅम्पल पण चुकीचं सांगितलं. तो म्हणाला मधल्या धारेचं द्या, जसं नेहमीच्या युरिन टेस्टला देतो तसं. पीसीआरला उलट पाहिजे, आधी निदान तासभर लघवीला गेलेलं नसावं आणि अगदी सुरुवातीची धार घ्यावी, कारण मार्गातले जंतू त्या पहिल्या धारेत धुऊन येतात. मी बाटलीवरची चिठ्ठी मागितली तर त्यावर हेच इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेलं होतं, त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. आणि बायकांना तर लघवीपेक्षा योनीतला स्वॅब जास्त चांगला, तो स्वतः पण घेता येतो, तो पर्यायच नव्हता.

अजून एक, आणि ह्याने मी सगळ्यात जास्त घाबरले. बिलावर मोबाईल नंबर बाबांचा होता. त्यांची शुगरची टेस्ट मागे ह्याच लॅबमधून झालेली, पत्ता एक, म्हणून सिस्टिमने त्यांच्याच खात्यात मला फॅमिली मेंबर म्हणून टाकलेलं, म्हणजे एचआयव्हीपासून हर्पिसपर्यंतचा सगळा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांच्या फोनवर गेला असता. मी त्या भाईला दारातच थांबवून नंबर बदलायला लावला. आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात टेस्टच्या आधी माहिती देऊन संमती घेणं आणि एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणं हे स्पष्ट लिहिलंय. संमती म्हणजे अ‍ॅपवरची टिक नव्हे. बुकिंग करताना सगळ्यात आधी रिपोर्ट कुठल्या नंबरवर आणि कुठल्या ईमेलवर जाणार ते तपासा, हे मी हात जोडून सांगते.

रिपोर्ट आला तो सगळा हिरवा, फक्त हर्पिसच्या दोन ओळी लाल. हर्पिस १ आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम बॉर्डरलाइन. खाली एक बटण, डॉक्टरांशी बोला, त्याचे वेगळे पैसे. आता ही टेस्ट त्यांनी पॅकेजमध्ये का घातलीये हे मला खरंच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ५० वर्षांखालच्या दर तीन माणसांमागे साधारण दोघांमध्ये हर्पिस १ असतो, बऱ्याच जणांना लहानपणीच कोणाच्या तरी पापीतून लागलेला, ओठाला ताप उतरल्यावर जी पुळी येते तीच. रक्ताच्या टेस्टवरून तो शरीरात कुठे आहे, कधी लागला, कोणाकडून लागला, काही कळत नाही. आणि आयजीएम तर अजिबात भरवशाची नाही, उगाच पॉझिटिव्ह येते, जुनं आणि नवं सांगू शकत नाही. म्हणूनच काही त्रास नसताना हर्पिसची रक्ताची टेस्ट करू नये असं सांगतात, फोड आलेला असेल तर त्या फोडातून स्वॅब घेऊन बघतात. ह्या एका लाल ओळीवरून किती जणांची लग्नं, किती जणांची झोप गेली असेल. जी टेस्ट नको ती दिली आणि जी पाहिजे होती ती नाही, माझ्याकडून लॅबला पाचपैकी दीड, तो अर्धा त्या भाईच्या हाताला.

सरकारी केंद्रात मी दुसऱ्यांदा विचार करून गेले, भीती हीच की कोणी ओळखीचं भेटेल. दांडिया बाजारात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे समजेल, आपली मराठी मंडळी शहरभर पसरली तरी कोणाची तरी मावशी कुठेतरी काउंटरला असतेच. कोणी भेटलं नाही. सरकारी हॉस्पिटलांमध्ये आयसीटीसी म्हणून असतं, एचआयव्हीचं समुपदेशन आणि टेस्टचं केंद्र, आणि त्याच्या जोडीला लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक, दोन्ही नॅकोचं (सरकारची एड्स नियंत्रण संस्था), पैसे शून्य. गर्दी आहे, बाकडी मोडकी आहेत, पाटी शोधायला दोन ठिकाणी विचारावं लागलं आणि असल्या विभागाचं नाव मोठ्याने विचारायला नको वाटतं, म्हणून सांगते की सरळ आयसीटीसी कुठे एवढंच विचारा.

आत ज्या समुपदेशक बेन होत्या त्यांच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय म्हटलं तरी चालेल. दार लावलं, बेसो म्हणाल्या, पाणी दिलं, आणि मग जे प्रश्न मला चार आकडी पैसे देऊन कोणी विचारले नव्हते ते सगळे एकेक करून विचारले, गुजरातीत, अगदी सपाट आवाजात, जसं कोणी जेवण कधी झालं विचारेल. तोंडाने तुम्ही केलं की त्यांनी, की दोन्ही. तोंडात वीर्य आलं का. त्या वेळी तोंडात छाले होते का, हिरड्यांतून रक्त येतं का, दात नुकताच काढला होता का. काँडोम होता का. शेवटचं कधी. दुसरं कोणी आहे का. गरोदर असण्याची शक्यता. मी सुरुवातीला अडखळत होते तर म्हणाल्या गभराशो नहीं बेन, इथे सगळे हेच बोलायला येतात. ह्या प्रत्येक प्रश्नाचं कारण पण सांगितलं, म्हणजे हिरड्यांचं ह्यासाठी की एरवी ओरलने एचआयव्हीचा धोका नगण्य असला तरी तोंडात जखम आणि वीर्य दोन्ही असेल तर तो थोडा वाढतो.

ह्यातला कायद्याचा इतिहास मला नंतर आठवत राहिला. गुजरात हायकोर्टाने १९६८ मध्ये ओरल हे ३७७ कलमात, म्हणजे अनैसर्गिक संबंधांच्या गुन्ह्यात, बसतं असा निर्णय दिला होता, आणि ते कलम स्त्री-पुरुषांना पण लागू होतं, नवरा-बायको असले तरी कागदावर गुन्हाच. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांसाठी सुप्रीम कोर्टाने ते ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. इतकी वर्षं जी गोष्ट तोंडातून काढायची पण चोरी होती ती एका सरकारी खोलीत, पंख्याच्या आवाजात, मधल्या वयाच्या एका बेन इतक्या सहज विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होते, मला त्याचं फार बरं वाटलं.

टेस्टचं म्हणाल तर एचआयव्हीची रॅपिड आणि सिफिलिसची, दोन्ही फुकट, एचआयव्हीचा निकाल थोड्या वेळात तिथेच समोर बसवून सांगितला, त्या आधी बेननी विचारलं की निगेटिव्ह आला तर काय करशील, पॉझिटिव्ह आला तर कोणाला सांगशील. पॉझिटिव्ह आला तर एका टेस्टवर सोडत नाहीत, वेगवेगळ्या तीन टेस्ट करून मगच नक्की सांगतात आणि औषधं पण फुकट चालू होतात, हे पण समजावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसांचं गणित कागदावर लिहून दिलं. आजची निगेटिव्ह म्हणजे आजची नाही, काही आठवड्यांपूर्वीची निगेटिव्ह. बोटातल्या रक्ताच्या साध्या अँटिबॉडी टेस्टला पक्कं सांगायला ९० दिवस लागू शकतात, लॅबमधली शिरेतल्या रक्ताची चौथ्या पिढीची (अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंश पण शोधणारी) टेस्ट असेल तर ४५ दिवसांत पक्कं कळतं. सिफिलिसचा फोड साधारण तीन आठवड्यांनी येतो पण १० ते ९० दिवस कधीही येऊ शकतो आणि रक्तात त्याच्याही नंतर दिसतं, म्हणून सुरुवातीची व्हीडीआरएल निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची. गोनोरिया-क्लॅमिडियाची पीसीआर मात्र साधारण दोन आठवड्यांत सांगते. लॅबच्या रिपोर्टवर ह्यातलं एक अक्षर नव्हतं, एचआयव्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आणि बाजूला हिरवी टिक, बस. जो माणूस घाबरून चौथ्या दिवशी टेस्ट करतो आणि हिरवी टिक बघून सुटलो म्हणतो त्याचं काय?

पण घशाची पीसीआर तिथे पण नव्हती. बेननी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. सुरक्षा क्लिनिकची पद्धत मुख्यतः लक्षणांवरून औषध द्यायची आहे, त्यांच्याकडे रंगांची किट असतात, पू येत असेल तर करडं किट, न दुखणारा फोड असेल तर पांढरं, हर्पिसचे फोड असतील तर लाल, असं. लांबून आलेला माणूस, परत येईल न येईल, त्याला त्याच दिवशी औषध मिळावं म्हणून ही पद्धत चांगलीच आहे, हजारो लोकांचं भलं झालंय. पण ज्याला काहीच लक्षण नाही त्याला कुठलं किट देणार, आणि घशातला गोनोरिया म्हणजे नेमका तोच माणूस. शिवाय करड्या किटमधल्या गोळ्या, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम, घशात तेवढ्या चालत नाहीत. बेननी चिठ्ठी लिहून दिली, स्किन-व्हीडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घशाच्या स्वॅबचा आग्रह धरा. पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त त्या न मिळालेल्या टेस्टचा.

डॉक्टर मॅडमचं क्लिनिक कारेलीबागला. बाहेर बोर्डवर केस गळणे, पिंपल्स, लेझर असंच लिहिलंय आणि ते एका अर्थी बरंच आहे, वेटिंगमध्ये कोणाला कळत नाही तुम्ही कशासाठी आलाय. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की चामडीचे डॉक्टर तेच व्हीडीचे डॉक्टर, शिक्षणच एकत्र असतं, आणि म्हणून लोक बायकांच्या डॉक्टरांकडे, युरोलॉजीला, नाहीतर स्टेशनजवळच्या भिंतीवरच्या गुप्तरोग जाहिरातवाल्याकडे फिरत बसतात. त्या जाहिरातवाल्यांकडे जाऊ नका, प्लीज.

मॅडमनी घसा बघितला, मान चाचपली, तोंडाच्या आत जीभ उचलून बघितलं, खालची तपासणी करायच्या आधी परवानगी विचारली आणि नर्सला आत बोलावलं. मग लांब काडीने टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर घासून स्वॅब घेतला, उलटी आल्यासारखं होतं पण पाच सेकंद. दुसरा स्वॅब योनीचा, कारण त्यानेही ओरल केलं होतं आणि घशातून खाली जाऊ शकतं. सॅम्पल बाहेरगावच्या लॅबला जातं, म्हणून रिपोर्टला वेळ लागतो आणि ह्याचे पैसे वेगळे, स्वस्त नाही. पण मॅडम म्हणाल्या की जोडीदाराचं पक्कं निदान झालेलं आहे तर आपण रिपोर्टची वाट बघायची नाही, स्वॅब घेऊन झाला, आता औषध आजच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन कमरेत, आणि क्लॅमिडिया नाही हे कळेपर्यंत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, गरोदर नाही हे टेस्ट करून मगच. इंजेक्शन दुखतं, नंतर वीस मिनिटं बसवून ठेवलं अ‍ॅलर्जी येते का बघायला. ते दुखणं मला चालतं, कारण घशासाठी ह्याच्या तोडीचा पर्याय नाहीये. मेडिकलवाल्याकडून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी आणून खाणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि गोनोरियाने पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी एकेक औषधं निकामी करत आणलीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत तो औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या प्राधान्याच्या जंतूंमध्ये आहे. अर्धवट औषध घशात गेलं की तो तिथेच त्या औषधाला दाद न द्यायला शिकतो. मिठाच्या किंवा माउथवॉशच्या गुळण्यांनी पण जात नाही, मी विचारलं होतं.

रिपोर्ट आला, घशात गोनोरिया पॉझिटिव्ह, क्लॅमिडिया नाही, खालचा स्वॅब निगेटिव्ह. म्हणजे लॅबचा तो हिरवा कागद त्याच्यापुरता बरोबरच होता, त्यांनी जिथे शोधलं तिथे नव्हतंच. हे वाचून जर कोणी पॅकेज करून सुटकेचा श्वास सोडला असेल तर परत एकदा बघा तुमच्या रिपोर्टवर सॅम्पलच्या रकान्यात काय लिहिलंय, ब्लड आणि युरिन एवढंच असेल तर घशाबद्दल त्याला काहीच माहीत नाही.

रिपोर्ट सांगायला मॅडमनी स्वतः फोन केला, आधी विचारलं आता बोलू शकतेस का, एकटी आहेस का. सात दिवस ओरलसकट काहीच नाही. घशाचा असेल तर एवढ्यावर सोडत नाहीत, औषधानंतर ७ ते १४ दिवसांत परत स्वॅब घेऊन गेला का बघतात, मॅडमनी १४ च्या आसपासचं सांगितलं कारण फार लवकर केली तर मेलेल्या जंतूंचे अंश पण पीसीआरमध्ये दिसतात. तो स्वॅब निगेटिव्ह आला. मागच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांना कळवायचं, आणि ज्याने मला फोन केला त्याला मी विचारलं तर कळलं की त्याचा घसा कोणी बघितलेलाच नव्हता, फक्त गोळ्या दिलेल्या, म्हणून त्याला पण इथेच पाठवला.

जाता जाता मॅडमनी अजून दोन गोष्टी काढल्या ज्या मी विचारल्या नव्हत्या. हिपॅटायटिस बीची लस झालीये का, आणि एचपीव्हीची. एचपीव्हीची घशातली अशी मान्य टेस्टच नाही, म्हणून त्याची टेस्ट कोणी विकत असेल तर घेऊ नका, लस मात्र आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते आणि ती ६, ११, १६, १८ ह्या प्रकारांवर चालते, घशाच्या एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये १६ नंबरचाच मुख्य हात असतो. लहान वयात घेतली तर सगळ्यात चांगली पण माझ्या वयात पण विचार करता येतो म्हणाल्या. काँडोमचं पण बोलल्या, ओरलसाठी फ्लेवरवाले त्याचसाठी असतात, आणि बाईसाठी काँडोम लांबीत कापून पडद्यासारखा धरता येतो कारण त्यासाठीचे तयार पडदे, डॅम म्हणतात ते, आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत. ओरलच्या लगेच आधी दात घासू नका, हिरड्या सोलवटतात. फोड, पुळी, पू काही दिसलं तर तेव्हा नाही म्हणा. ह्या बाईंना मी पाचपैकी पाच देते, फक्त फी जरा जास्त आहे आणि कार्डने घेत नाहीत, यूपीआय किंवा कॅश.

ज्यांना बडोद्यात इतकं फिरणं जमणार नाही त्यांच्यासाठी, नॅकोची १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथून जवळचं केंद्र कळतं आणि नाव सांगावं लागत नाही. जबरदस्ती झाली असेल किंवा ओरल सोडून दुसऱ्या प्रकारच्या संबंधात काँडोम फाटला असेल आणि एचआयव्हीची भीती असेल तर मात्र टेस्टची वाट बघू नका, पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, २८ दिवस घ्यायची, सरळ सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. नुसत्या ओरलसाठी ती सहसा देत नाहीत, पण ठरवू दे डॉक्टरांना, तुम्ही घरी बसून ठरवू नका.

लॅबला मी सगळं लिहून ईमेल केला, लघवीच्या धारेचं, बाबांच्या नंबरचं, आयजीएमचं, घशाचं. नंबरबद्दल माफी मागितली आणि खातं वेगळं करून दिलं. पॅकेजबद्दल उत्तर आलं की ते मुख्य ऑफिसमधून ठरतं. मी परत लिहिलंय की ठीक आहे, निदान त्या पानावर पैसे भरायच्या बटणाच्या वर एवढी एक ओळ टाका, ह्या पॅकेजमध्ये घशाचा नमुना घेतला जात नाही, आणि ती गुजराती, हिंदीत पण टाका. अजून टाकलेली नाही, टाकली की इथे अपडेट करीन.